'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स' : खेळ घ्या, पण सीकरच्या नोंदी तपासून घ्या

'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स' विकत घेणारा माणूस खरं तर एक डेटाबेस विकत घेतो. मॅट्रिक्स गेम्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलेला हा विंडोजवरचा युद्ध-सिम्युलेशन खेळ. त्याच्या आधीचा अवतार २०१३चा. पडद्यावर दिसतो नकाशा, त्यावर साधी चिन्हं आणि एका बाजूला मजकुराच्या ओळी. मागे मात्र जहाजं, विमानं, पाणबुड्या, रडार आणि क्षेपणास्त्रं यांच्या हजारो नोंदी आहेत. १९८० पासून पुढच्या काळासाठी 'डीबी ३०००' आणि १९४६ ते १९७९ या काळासाठी 'सीडब्ल्यूडीबी', अशा त्या दोन भागांत ठेवल्या आहेत.

कळवा-ऐरोलीपासून पनवेल-उरणपर्यंत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, बोटीवर नोकरी करणारी किंवा संरक्षणाच्या बातम्या बारकाईने वाचणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. संपूर्ण खेळाचा आढावा इथे घेतलेला नाही. क्षेपणास्त्राच्या नाकातल्या छोट्या रडारची, म्हणजे सीकरची माहिती या खेळात कशी ठेवली आहे, ती चुकली तर काय बिघडतं, चूक कशी पकडायची आणि कुठवर दुरुस्त करता येते, एवढाच विषय घेतला आहे. कारण इथे निकाल ठरतो. वेग आणि पल्ला सारखा असलेल्या दोन क्षेपणास्त्रांपैकी एक जहाजाला लागतं आणि दुसरं चॅफच्या, म्हणजे रडारला फसवायला उधळलेल्या धातूच्या बारीक तंतूंच्या, ढगात शिरतं, तेव्हा फरक बहुतेक वेळा सीकरच्या ओळीत असतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. सीकरचे आकडे बाजेच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. बँड, म्हणजे लहरींच्या वारंवारतेचा पट्टा, बदलला की बीमची, म्हणजे रडारच्या झोताची, रुंदी बदलायला हवी. रेंज वाढवली की क्षेपणास्त्राची उड्डाणाची उंची त्या रेंजला पुरते का, ते पाहायला हवं. माहितीपत्रकातून एकच आकडा उचलून रकान्यात भरला, तर नोंद सुधारत नाही, नुसता ताण दुसरीकडे सरकतो.

नोंदींची साखळी

या डेटाबेसमध्ये सीकर ही स्वतंत्र 'सेन्सर'ची नोंद असते. ती शस्त्राच्या नोंदीला जोडलेली, शस्त्र माउंटला (जहाजावरच्या डागायच्या यंत्रणेला) किंवा विमानाच्या लोडआउटला (त्यावर लादलेल्या शस्त्रसंचाला) जोडलेलं आणि माउंट जहाजाला. ही रचना चांगली आहे, कारण एक जागा दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्ती पोहोचते. धोकाही तोच आहे. एकाच सीकरच्या नोंदीवर पाच-सात शस्त्रं टांगलेली असू शकतात. जुन्या आणि सुधारित आवृत्तीला एकच सीकर जोडलेला असेल आणि नव्या आवृत्तीसाठी त्याची रेंज वाढवली, तर जुनं क्षेपणास्त्रही आपोआप हुशार होतं. म्हणून पहिली पायरी: कुठलाही आकडा सुचवण्याआधी ती नोंद आणखी कोणकोणती शस्त्रं वापरतात त्याची यादी काढायची. एकाहून जास्त असतील तर जुनी नोंद आहे तशी ठेवून नवी नोंद मागायची आणि फक्त योग्य त्या शस्त्राला ती जोडायला सांगायची.

खेळातल्या डेटाबेस व्ह्यूअरमध्ये मोजकी माहिती दिसते: सेन्सरचं नाव, प्रकार, रेंज, शस्त्राच्या क्षमता. खोलवर गेलं तर आडवा आणि उभा बीम, पीक पॉवर, पल्सची (लहरींच्या एका ठोक्याची) लांबी, पीआरएफ (सेकंदाला किती पल्स सुटतात तो आकडा), सिस्टिमचा नॉइज, प्रोसेसिंगचा फायदा-तोटा असे रकाने असतात. 'रेंज' या रकान्यात शोधाची हमी शोधू नये. ती कमाल मर्यादा आहे. तिच्या आत लक्ष्य प्रत्यक्ष दिसेल की नाही, हे रडारच्या समीकरणावर आणि लक्ष्याच्या आरसीएसवर, म्हणजे रडारला ते किती मोठं दिसतं त्यावर, ठरतं. त्यामुळे 'रेंज बरोबर भरली आहे, तरी सीकर उशिरा पकडतो' अशी तक्रार आली, तर पॉवर आणि बीमचे रकाने आधी बघावेत.

बँडचा घोळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या सहज टाळता येण्याजोग्या आहेत. रडारच्या बँडना नावं देण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि दोन्ही इंग्रजी अक्षरंच वापरतात. अभियंत्यांच्या आयट्रिपलई पद्धतीत एक्स-बँड म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झ आणि केयू म्हणजे १२ ते १८. नाटोच्या पद्धतीत ८ ते १० गिगाहर्ट्झला आय म्हणतात, १० ते २० ला जे आणि २० ते ४० ला के. म्हणजे ९ गिगाहर्ट्झवरचा एक्स-बँड सीकर नाटोच्या हिशोबाने 'आय', तर ११ गिगाहर्ट्झवरचा एक्स-बँड सीकर 'जे'. त्याहून फसवं अक्षर सी. एका पद्धतीत ते ४ ते ८ गिगाहर्ट्झ, दुसऱ्या पद्धतीत ०.५ ते १. एल तर एकीकडे १ ते २ आणि दुसरीकडे ४० ते ६०.

आपल्याकडच्या पी-८आय विमानांवरच्या हार्पून क्षेपणास्त्राचा सीकर जे-बँडचा म्हणून नोंदलेला आढळतो. कुणी घाईत त्याचं भाषांतर 'एक्स' असं केलं की चूक शिरलीच, कारण तो केयूच्या भागात काम करतो.

या चुकीने खेळात नेमकं काय बिघडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. लक्ष्याचा आरसीएस या डेटाबेसमध्ये दोनच ढोबळ भागांत दिलेला असतो: ए ते डी बँडसाठी एक आणि ई ते एम बँडसाठी दुसरा, प्रत्येकात समोरून, बाजूने आणि मागून असे डेसिबलमधले आकडे. एक्स आणि केयू दोन्ही ई ते एम या भागात येत असल्यामुळे, बँड चुकला तरी लक्ष्य तेवढंच मोठं दिसत राहतं. बिघडतं ते समोरच्या जहाजाचं ऐकणं आणि जॅमिंग, म्हणजे स्वतःच्या लहरी सोडून सीकरला गोंधळात टाकणं. बऱ्याच ईएसएम संचांची, म्हणजे शत्रूच्या रडारच्या लहरी ऐकणाऱ्या यंत्रांची, व्याप्ती २ ते १८ गिगाहर्ट्झची असते. सीकर चुकून ३५ गिगाहर्ट्झच्या केए-बँडमध्ये टाकला, तर जहाजाला क्षेपणास्त्राची चाहूलच लागत नाही. उलट ३५ चा सीकर एक्समध्ये टाकला, तर ज्या जॅमरला त्याच्यापुढे हात टेकायला हवेत तो त्याला आरामात गोंधळात टाकतो. ब्रिमस्टोनसारखा ९४ गिगाहर्ट्झचा सीकर असेल, तर फरक आणखी मोठा. निकाल विचित्र वाटला की खेळाडू आधी 'हिट प्रॉबॅबिलिटी'कडे (मारा लागण्याच्या शक्यतेकडे) बोट दाखवतो. बँडकडे कुणी बघत नाही.

म्हणून सुधारणा सुचवताना अक्षर कधीच एकटं लिहू नये. सोबत गिगाहर्ट्झचा आकडा द्यावा आणि अक्षर कुठल्या पद्धतीतलं तेही लिहावं.

रेंज: एकक, लक्ष्याचा आकार आणि उंची

डेटाबेसमध्ये अंतरं नॉटिकल मैलांत चालतात आणि माहितीपत्रकं किलोमीटरमध्ये बोलतात. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. २० किमीचा सीकर '२०' म्हणून भरला गेला, तर तो ३७ किमीचा होतो. हवेतून हवेत मारायच्या क्षेपणास्त्रात याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. क्षेपणास्त्र आणि लक्ष्य सेकंदाला १,२०० मीटरने एकमेकांकडे येत असतील, तर या वाढीव १७ किमीमुळे सीकर सुमारे १४ सेकंद आधी स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि डागणारं विमान तेवढ्या आधी तोंड फिरवून पळू शकतं. खऱ्या लढतीत १४ सेकंद म्हणजे वाचणं आणि न वाचणं यातलं अंतर.

दुसरा प्रश्न: ही रेंज कुठल्या आकाराच्या लक्ष्यासाठी? माहितीपत्रकात '२० किमी, ५ चौरस मीटर आरसीएस' असं लिहिलेलं असतं आणि नोंदीत फक्त २० उतरतं. रडारची रेंज आरसीएसच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलते. तोच सीकर १ चौरस मीटरचं लक्ष्य साधारण १३.४ किमीवर पकडेल आणि ०.१ चौरस मीटरचं जेमतेम ७.५ किमीवर. हाच नियम उलट्या बाजूनेही वापरावा. फक्त पॉवर वाढवून रेंज दुप्पट करायची, तर पॉवर सोळापट लागते. 'नव्या आवृत्तीत रेंज दुप्पट' असा दावा कुणी केला, तर सोबत नवा अँटेना, नवा ट्रान्समीटर किंवा नवं प्रोसेसिंग यांचा पुरावा मागावा.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि जहाजविरोधी क्षेपणास्त्रांत हीच सगळ्यात महत्त्वाची. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारची नजर क्षितिजापाशी अडते. हिशोब सोपा आहे: क्षेपणास्त्राची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोघांची वर्गमुळं काढून बेरीज करा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. ५ मीटरवरून लाटांना घासत येणारं क्षेपणास्त्र आणि २० मीटर उंचीचं जहाज घेतलं, तर क्षितिज २७.६ किमीवर येतं. १५ मीटरवरून ते ३४.४ किमी होतं.

आता आपल्या तलवार वर्गाच्या पहिल्या फ्रिगेटींवरचं क्लब क्षेपणास्त्र घ्या. त्याच्या एआरजीएस-५४ सीकरची रेंज सार्वजनिक संदर्भांत ६० ते ६५ किमी दिलेली आहे. हा आकडा खरा मानला, तर तो वापरायला क्षेपणास्त्राला जवळपास १५० मीटरवर यावं लागेल. तिथून क्षितिज ६९ किमीच्या आसपास पडतं. नोंदीत सीकर ६५ किमीचा आणि उड्डाण सुरुवातीपासून शेवटपर्यंत १० मीटरवरून असेल, तर रेंजचा अर्ध्याहून अधिक भाग कधीच कामी येत नाही. अशा वेळी सीकरचा आकडा कमी करायची मागणी करू नये. उड्डाणाच्या टप्प्यांची नोंद तपासायची. शेवटच्या टप्प्याआधी क्षेपणास्त्र वर उसळी घेतं का आणि ती क्षमता शस्त्राच्या नोंदीत आहे का, हे आधी पाहावं. दिल्ली वर्गावरच्या केएच-३५ई चा सीकर मात्र २० किमीच्या आसपासचा. तो ५ मीटरवरूनही पूर्ण वापरला जातो, म्हणून तिथे हा पेच येत नाही.

अँटेना खोटं बोलत नाही

कागदावरच्या आकड्यांवर शंका असेल, तर प्रदर्शनातला फोटो कामाला येतो. एअरो इंडिया किंवा डेफएक्स्पोसारख्या प्रदर्शनांत सीकर उघडे मांडलेले असतात. क्षेपणास्त्राचा व्यास माहीत असला की अँटेनाचा व्यास अंदाजे काढता येतो, आणि अँटेनावरून बीम. लहरीची लांबी भागिले अँटेनाचा व्यास, गुणिले ७०, म्हणजे बीमची रुंदी अंशांत. १० गिगाहर्ट्झला लहर ३ सेंटिमीटरची असते. ३० सेंटिमीटरचा अँटेना असेल तर बीम ७ अंशांचा. तोच अँटेना १६ गिगाहर्ट्झला ४.४ अंश देतो आणि ३५ गिगाहर्ट्झला २ अंश.

केएच-३५ चा व्यास ४२ सेंटिमीटर. आवरण आणि यंत्रणा वजा करून अँटेना ३६ सेंटिमीटरचा धरला, तरी एक्स-बँडमध्ये १० गिगाहर्ट्झला बीम ५.८ अंशांच्या खाली जाणं कठीण. अशा क्षेपणास्त्राच्या नोंदीत १ अंशाचा बीम दिसला, तर ती ओळ बहुधा जहाजावरच्या रडारची नक्कल करून बनवलेली असते. नक्कल करून नवी नोंद तयार करणं आणि मग सगळे रकाने बदलायला विसरणं, हे कुठल्याही मोठ्या डेटाबेसचं दुखणं आहे. त्याची खूण अशी: सलग तीन-चार रकान्यांतले आकडे दुसऱ्या एखाद्या नोंदीशी दशांशापर्यंत जुळतात.

पल्सची लांबीही अशीच ताडून बघता येते. १ मायक्रोसेकंदाची पल्स म्हणजे अंतरातला बारकावा १५० मीटर, ०.१ मायक्रोसेकंद म्हणजे १५ मीटर. पीआरएफ २ किलोहर्ट्झ असेल तर ७५ किमीपर्यंत अंतर निःसंदिग्ध मिळतं, १० किलोहर्ट्झला फक्त १५ किमी. साध्या पल्स सीकरला ४० किमी रेंज आणि १० किलोहर्ट्झ पीआरएफ एकत्र दिसली, तर दोन्हीपैकी एक आकडा चुकलेला आहे. डॉपलर वापरणाऱ्या (परतलेल्या लहरीतल्या फरकावरून लक्ष्याचा वेग ओळखणाऱ्या) सीकरला हा नियम जसाच्या तसा लावू नये. तिथे जास्त पीआरएफ मुद्दाम ठेवलेली असते.

शोधाचा कोन हा रकाना दिसायला किरकोळ, पण लांबच्या माऱ्यात जीव की प्राण. सेकंदाला २७० मीटरने जाणाऱ्या क्षेपणास्त्राला १०० किमी कापायला ३७० सेकंद लागतात. तेवढ्यात ३० नॉटचं जहाज ५.७ किमी सरकतं. सीकर २० किमीवर सुरू झाला आणि त्याचा कोन दोन्ही बाजूंना ४५ अंश असेल, तर मध्यरेषेपासून १४ किमीपर्यंतचा पट्टा दिसतो, जहाज सापडतं. कोन १० अंशच भरला असेल तर पट्टा साडेतीन किमीचा, आणि क्षेपणास्त्र रिकाम्या समुद्रावरून निघून जातं.

ज्याला सीकरच नाही

मूळ आकाश क्षेपणास्त्राला जमिनीवरच्या 'राजेंद्र' रडारकडून अखेरपर्यंत आज्ञा मिळतात. त्याच्या नाकात सीकर नाही. देशी सीकर बसवलेल्या आकाश-१एस च्या चाचण्या मे २०१९ मध्ये झाल्या आणि आकाश प्राइमची चाचणी सप्टेंबर २०२१ मध्ये. तिन्ही 'आकाश'च, म्हणून एकाच नोंदीत कोंबले, तर मोठा घोटाळा होतो. आज्ञेवर चालणाऱ्या क्षेपणास्त्रांना जमिनीवरचं रडार एका वेळी ठरावीक लक्ष्यांपुरतंच पुरतं. सीकर चिकटवला की ती मर्यादा सैल होते आणि एकच तुकडी विमानांच्या लोंढ्याला सहज अडवते. नौदलाच्या बराक-१ चंही तेच. तेही आज्ञेवर चालणारं. त्याच्याच नावाचं बराक-८ मात्र सक्रिय, म्हणजे स्वतः लहरी सोडणाऱ्या, रडार सीकरचं. नाव सारखं म्हणून नोंद सारखी, असं करू नये.

ब्रह्मोसच्या बाबतीत वर्ष बघावं लागतं. पहिली चाचणी १२ जून २००१ ची, पण देशी सीकर बसवलेल्या ब्रह्मोसची चाचणी पोखरणला २२ मार्च २०१८ रोजी झाली. २००८ चा प्रसंग बांधताना नव्या सीकरची नोंद घेणं म्हणजे दहा वर्षं उधार घेणं. १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याचा प्रसंग 'सीडब्ल्यूडीबी'वर रचताना हाच मोह होतो. निपात, निर्घात आणि वीर या बोटींवर ४० किमी पल्ल्याची पी-१५ क्षेपणास्त्रं होती. ८० किमी पल्ल्याचं पी-१५एम १९७२ मध्ये सेवेत आलं.

'पिढी'चा रकाना आणि संदेशांची नोंद

या खेळाचं आम्हाला सगळ्यात आवडलेलं वैशिष्ट्य म्हणजे तो हिशोब लपवत नाही. प्रत्येक माऱ्याची ओळ मेसेज लॉगमध्ये उमटते: मूळ शक्यता किती, लक्ष्याच्या चपळाईमुळे किती घटली, शेवटी किती उरली, फासा किती पडला. चॅफ फेकलं की सीकर कुठल्या तांत्रिक पिढीचा आहे, तेही त्या ओळीत येतं. चूक पकडायला याहून चांगलं हत्यार नाही. २०१० नंतरच्या क्षेपणास्त्राचा सीकर लॉगमध्ये १९८० च्या दशकातला दिसला, तर ती नोंद जुन्या सीकरवरून नक्कल केलेली आहे आणि पिढी बदलायची राहिली आहे. एवढ्या एका रकान्याने जुना चॅफ नव्या क्षेपणास्त्राला भारी पडतो.

उलटी चूकही होते. जुन्या सीकरला नवी पिढी दिली की कुठलाच डिकॉय (फसवं लक्ष्य) चालत नाही. म्हणून वर्षाचा पुरावा बँडइतकाच महत्त्वाचा. जॅमरच्या लहरींकडेच धाव घेणं, म्हणजे होम-ऑन-जॅम, ही शस्त्राच्या नोंदीतली वेगळी खूण आहे. ती असली-नसली की जॅमर लावलेल्या जहाजाचं नशीब पालटतं.

मुंबईसमोरचं चाचणीचं मैदान

दुरुस्ती मागण्याआधी चूक दाखवता आली पाहिजे. त्यासाठी कोरा सिनॅरिओ, म्हणजे लढाईचा प्रसंग, उघडावा, दोन बाजू एकमेकांच्या शत्रू म्हणून लावाव्यात, आणि मुंबईच्या पश्चिमेला उघड्या समुद्रात डागणारं जहाज आणि लक्ष्य ६० किमीवर ठेवावं. हवामान स्वच्छ, समुद्र शांत, लक्ष्याचे जॅमर आणि चॅफ बंद, प्रत्युत्तराची शस्त्रं काढून टाकलेली. लक्ष्य उभं. अशा स्थितीत सीकर कितीव्या किलोमीटरवर लक्ष्य पकडतो, हे वेळ थांबवून मोजपट्टीने मोजावं. हा आकडा क्षितिजाच्या हिशोबाशी आणि नोंदीतल्या रेंजशी ताडावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी लक्ष्य चालतं करावं, नंतर चॅफ द्यावं, नंतर जॅमर. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाचा परिणाम कुठला, ते कळत नाही.

पाच गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नये. ३० मारे करून २१ लागले, म्हणजे ७० टक्के, तरी खरा आकडा १७ टक्क्यांनी वर-खाली असू शकतो. १०० मारे केले की ती ढिलाई ९ टक्क्यांवर येते. आपोआप शेकडो वेळा चालवायची मॉन्टे कार्लो सोय प्रोफेशनल आवृत्तीत आहे. घरच्या आवृत्तीत सेव्ह उघडून हातानेच पुन्हापुन्हा चालवावं लागतं. दोघा-तिघांनी वाटून घेतलं तर शनिवारच्या एका दुपारीत शंभराचा आकडा होतो. एकाने डागायचं, एकाने लॉगमधल्या ओळी तक्त्यात उतरवायच्या.

उघड्या समुद्रात सगळं जुळलं की लक्ष्य न्हावा-शेवाच्या वाटेवर आणावं. इथे घारापुरीचा डोंगर आडवा येतो आणि बंदराकडे निघालेली कंटेनर जहाजं तटस्थ म्हणून ठेवता येतात. दिशेवर सोडलेलं क्षेपणास्त्र सीकर उघडल्यावर आपल्या कोनात जे पहिलं योग्य लक्ष्य दिसेल त्याकडे वळतं, आणि कंटेनर जहाजाचा आरसीएस युद्धनौकेपेक्षा कितीतरी मोठा. कोनाचा रकाना चुकला आहे का, ते या गर्दीत सगळ्यात लवकर कळतं. अरुंद कोनाचं क्षेपणास्त्र गर्दीतूनही नेमकं जातं, रुंद कोनाचं भलत्याच बोटीवर. डोंगरामागचं जहाज सीकरला दिसलं, तर क्षेपणास्त्र खरंच किती उंचीवरून येतंय ते बघावं. उंचीचा रकाना चुकल्याची ती खूण असते.

पावसाळी प्रसंग रचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ठाण्यात जुलैमध्ये ताशी ५० मिलिमीटरची सर नवी नाही. अशा पावसात एक्स-बँडची लहर एका दिशेने किलोमीटरमागे साधारण दीड डेसिबल गमावते, ३५ गिगाहर्ट्झची ११ डेसिबलहून जास्त. जाऊन-येऊन हा तोटा दुप्पट. म्हणून केए-बँडच्या सीकरची कोरड्या हवेतली रेंज पावसाच्या प्रसंगात जशीच्या तशी खरी मानू नये.

काय बदलता येतं, काय नाही

घरी घेतलेल्या आवृत्तीत सीकरची ओळ स्वतः बदलायची सोय दिलेली नाही. ती प्रोफेशनल आवृत्तीत आहे, आणि ती संस्थांसाठी असते. आमच्या मते हा या खेळाचा सगळ्यात मोठा उणेपणा, पण त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा झाला, तर एकाने बांधलेला सिनॅरिओ दुसऱ्याकडे चालणारच नाही.

तरीही हात बांधलेले नाहीत. एडिटरमध्ये माउंट आणि मॅगझिनमधलं (शस्त्रांच्या कोठारातलं) चुकीच्या सीकरचं शस्त्र काढून त्याच घराण्यातलं योग्य आवृत्तीचं शस्त्र भरता येतं. हेच काम लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्क्रिप्टने केलं, तर वीस जहाजांवर एका झटक्यात होतं. जहाजाचे आणि विमानाचे स्वतःचे सेन्सर काढता-घालता येतात. फक्त शस्त्राच्या पोटातला सीकर तेवढा बंद पेटीत राहतो.

त्यासाठी निर्मात्यांकडे दुरुस्ती मागावी. मागणीत शस्त्राचा आणि सेन्सरचा नोंद क्रमांक, डेटाबेसची आवृत्ती, आत्ताचा आकडा, सुचवलेला आकडा एककासह, किमान दोन स्वतंत्र सार्वजनिक पुरावे आणि चाचणीची सेव्ह फाइल असावी. 'हे क्षेपणास्त्र फार कमकुवत आहे' एवढं लिहिलेली मागणी वाचणाऱ्याचा वेळ खाते. एका मागणीत एकच शस्त्र ठेवावं. पुरावा म्हणून डीआरडीओचं 'टेक्नॉलॉजी फोकस', निर्यातीची माहितीपत्रकं, प्रदर्शनातले फोटो हे चालतं. एकमेकांवरून उतरवलेली दोन संकेतस्थळं म्हणजे एकच पुरावा. वाक्यं शब्दशः जुळतात का पाहिलं की हे लगेच कळतं.

इथे मनापासून एक विनंती. आपल्या पट्ट्यात करंज्याच्या शस्त्रागारात, तळोज्याच्या कारखान्यांत, नौदलाच्या गोदीत काम करणारी आणि तिथून निवृत्त झालेली माणसं घराघरांत आहेत. कामावर कळलेला एकही आकडा या मागणीत जाता कामा नये, तोंडी गप्पांतूनसुद्धा नाही. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ पासून लागू आहे, आणि खेळातली एक ओळ बरोबर करण्यापेक्षा माणसाची नोकरी आणि देशाचं गुपित मोलाचं आहे. छापील आणि उघड माहितीतून जेवढं सिद्ध होतं, तेवढंच मागावं.

दुरुस्ती मान्य होऊन नवी आवृत्ती आली, तरी जुने सिनॅरिओ आपोआप बदलत नाहीत. सिनॅरिओ ज्या डेटाबेसवर बांधला त्याच आवृत्तीला बांधलेला राहतो. एडिटरमधून तो नव्या आवृत्तीवर चढवावा लागतो, आणि या वेळी हाताने केलेले बदल, विशेषतः बदललेले माउंट आणि मॅगझिन, पुसले जाऊ शकतात. चढवण्याआधी मूळ फाइलची प्रत काढावी, बदलांची यादी कागदावर ठेवावी, नंतर प्रत्येक जहाजाचं मॅगझिन उघडून बघावं. दुरुस्ती झाली आणि तरी निकाल तोच येतोय, अशी तक्रार आली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: सिनॅरिओ कुठल्या आवृत्तीवर आहे?

घ्यावा का? रडारचं समीकरण वाचून कंटाळा न येणाऱ्याने नक्की घ्यावा. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, मध्यम लॅपटॉपवर छोटे प्रसंग नीट चालतात. शेकडो जहाजं आणि विमानं घेतली की मात्र वेळेचा वेग मंदावतो आणि प्रोसेसर व रॅम चांगली असावी लागते. धावतं चित्र आणि स्फोट हवे असणाऱ्यांचे पैसे वाया जातील. नव्याने घेणाऱ्याने पहिल्या दिवशी मोठी लढाई उघडू नये. केएच-३५ई ची नोंद उघडावी, रेंजचा आकडा १.८५२ ने गुणावा आणि २० च्या जवळ येतो का ते बघावं.